बोलेरोच्या मागे घर जोडून : वाडी ते चिखलदरा

चिखलदऱ्याला जाऊन येणं नागपूरकराला नवीन नाही. सकाळी निघायचं, दुपारी पोचायचं, दोन पॉइंट बघायचे, कॉफी प्यायची, परत. आमची या डिसेंबरातली फेरी मात्र नागपुरातच निम्मी संपली, कारण गाडीच्या मागे एक ट्रॉली होती. शेताची नाही, कॅम्पिंगची. एका आसाची, दोन माणसं नीट आणि तिसरं अडचणीत झोपेल एवढी. ती ओढायला मामांकडून आलेली २०११ ची बोलेरो कॅम्पर, म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, आणि उमेदीची सगळी वर्षं काटोलच्या बागेतून संत्र्याचे क्रेट कळमन्याला पोचवण्यात गेलेली.

ज्याला सांगितलं त्यानं एकच विचारलं, "ओढेल का?" अरे बाबा, ओढेल. डिझेल आहे, पहिल्या गियरात घरही ओढेल. उतारावर थांबेल का, चढावर तापेल का, मागून बसेल का, हे कोणीच विचारलं नाही. ते विचारलं फक्त वाडीच्या कमानवाल्या काकांनी. कमान म्हणजे गाडीचं वजन पेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग.

गुरुवार, वाडी

अमरावती रोडवर वाडीला ट्रकवाल्यांची सगळी कामं एका ओळीत होतात. कमानवाले, रेडिएटरवाले, टायरवाले, मध्येमध्ये तर्री-पोह्यांचे ठेले. काकांनी गाडीला हातही लावला नाही. मागे उकिडवे बसून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी बुढी नाई झाली जी, कमान झोपली." क्रेट वाहून वाहून मागचे पट्टे सरळ झाले होते. रिकामी गाडीसुद्धा मागून दोन बोटं खाली दिसायची.

पट्टे उतरवून त्यांना पुन्हा बाक दिला आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा पट्टा टाकला. मी दोन-दोन टाका म्हणत होतो. त्यांनी साफ नकार दिला. पट्टे वाढवले म्हणजे गाडीची वजन न्यायची ताकद वाढते असं नाही. आस, बेअरिंग, चॅसी, ब्रेक सगळं जुनंच असतं. वर रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्याची कंबर जाते ती वेगळीच. पट्ट्यांबरोबर यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश नवे घातले. यू-बोल्ट जुनेच परत लावायला कारागीर तयार असतो, आपण तयार होऊ नये. आणि शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत.

काम चालू असताना काकांनी ट्रॉलीचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. "घर सोडून जायचं आन् घर संगंच न्यायचं, मंग निघायचं कायले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोकडे होतं, पण ती तिथे नव्हती.

दुपारून रेडिएटर. बाहेरून बघितला तर जाळीत काटोलची माती, पाचोळा आणि एक आख्खा नाकतोडा. रेडिएटर उतरवून धुतला, होज पाइप आणि फॅन बेल्ट बदलले, थर्मोस्टॅट नवा टाकला. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, थोडी पाझरत होती, तीही लगेच बदलली. कूलंटच्या जागी मामांनी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं होतं, त्यामुळे आतून निघालेला गाळ चहाच्या रंगाचा होता. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गियर ऑइल आणि क्राऊनचं, म्हणजे मागच्या आसातल्या गियरांचं, ऑइलही त्याच दिवशी बदललं; वजन ओढताना या दोन ठिकाणी उष्णता वाढते आणि डॅशबोर्डवर त्याचा काटा नसतो.

शुक्रवार, हिंगणा

टो-हुक बसवायला हिंगणा एमआयडीसीतला एक फॅब्रिकेशनवाला गाठला. त्याला आधी वाटलं, मागचा बंपर शोभेचा करायचाय. बंपरवर ट्रॉली अडकवायचा बॉल लावलेल्या पुष्कळ गाड्या नागपुरात फिरतात, पण ते ओढायच्या कामाचे नाहीत. ओढ चॅसीच्या दोन्ही दांड्यांवर यायला हवी. आम्ही मध्ये आडवी चौकोनी नळी घेतली, दोन्ही टोकांना जाड प्लेटा, आणि ते सगळं चॅसीला नटबोल्टनं बसवलं. वेल्डिंग प्लेट आणि नळीपुरतं, चॅसीवर नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघून घेतला. बॉल ५० मिलिमीटरचा, कारण ट्रॉलीच्या तोंडाचं माप तेच. दोन इंचाचाही बॉल मिळतो, तो ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण तोंड नीट बंद होत नाही किंवा खुळखुळतं. साखळ्या दोन, ट्रॉलीच्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून. हुक सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या फुलीत अडकतो.

मग ब्रेक. मागचे लायनर संपत आले होते, पुढच्या डिस्कचे पॅड बरे होते, दोन्ही बदलले. ब्रेक ऑइल मात्र नुसतं टॉप-अप करून भागत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरत जातो. डॉट ३ या दर्जाचं ताजं ऑइल कमीत कमी २०५ अंशाला उकळायला हवं असा नियम आहे, ओल धरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. घाटात ब्रेक तापले, नळीत वाफ झाली की पेडल तळाला जातं आणि गाडी पुढे. आमच्या बाटलीतलं ऑइल काळपट निघालं. सगळं काढून डॉट ४ भरलं.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत, धक्क्यावर चालणारे. पुढची गाडी थांबायला लागली की ट्रॉली मागून ढकलते, त्या ढकलण्यानं दांड्यातली सळई दबते, केबल ओढली जाते आणि चाकांच्या ड्रमचे ब्रेक लागतात. वीज नको, बटण नको. युरोपात ७५० किलोपर्यंतची ट्रॉली बिनब्रेकची चालते, आणि आमची त्या आकड्याच्या थोडी खालीच आहे. पण घाट उतरायचा असेल तर मी तरी बिनब्रेकची जोडणार नाही. यातली गंमत अशी की रिव्हर्स घेतानाही तोच धक्का लागतो आणि ब्रेक लागून बसतो. त्यासाठी आमच्या ट्रॉलीला एक खिटी आहे. मागे घ्यायच्या आधी उतरून ती लावायची. ते काम आमच्या लेकीनं स्वतःकडे घेतलं आणि प्रवासभर कोणाला हात लावू दिला नाही.

कागदांचं थोडक्यात: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात "मोटार वाहन" या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे तिची नोंदणी वेगळी, नंबरप्लेट वेगळी. विकत घेताना हे कागद आधी बघा, गादी मऊ आहे का ते नंतर. गाडीच्या विम्यात ओढणं बसतं की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावं.

शनिवार, धरमकाटा आणि बेसा

सकाळी तर्री-पोहे, मग धरमकाटा. पाणी, गॅस, गाद्या, भांडी सगळं भरून ट्रॉली ७४० किलो. काट्यावरच्या पोराला ट्रकांची सवय, तो म्हणाला, "भाऊ, खाली करून या, मग भरून या." हीच भरलेली आहे म्हटल्यावर त्यानं पावतीचे पैसे घ्यायला संकोच केला.

खरं महत्त्वाचं वजन मात्र घरी निघालं. ट्रॉलीचं तोंड बॉलवर किती दाबतं, ते. बॉलच्या उंचीइतक्या विटा रचायच्या, वर घरातला वजनकाटा, त्यावर तोंड टेकवायचं. ट्रॉली सपाट आणि चाकांना उटी. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हा अमेरिकेतला सर्वसाधारण हिशेब. युरोपवाले त्याहून कमी धरतात. आमचा काटा ३१ वर थांबला, म्हणजे जेमतेम चार टक्के. आधीच्या मालकानं साठ लिटरची पाण्याची टाकी अगदी शेपटाला बसवली होती आणि वर स्टेपनीही तिथेच. अशी शेपटात जड ट्रॉली वेगात डुलायला लागते, आणि डुलणं एकदा वाढलं की ड्रायव्हरच्या हातात फार काही उरत नाही. टाकी आसाच्या किंचित पुढे आणली, बॅटरी पुढे घेतली, स्टेपनी पिकअपच्या हौद्यात टाकली. काटा ७४.

हे ७४ किलो बॉलवरचे. बॉल मागच्या आसाच्याही बराच मागे असल्यानं मागच्या चाकांवर ७४ पेक्षा जास्त येतात आणि पुढची चाकं तेवढी हलकी होतात. परिणाम रात्री कळतो: हेडलाइट आकाशाकडे बघायला लागतात आणि समोरचा डिपर मारत सुटतो. ट्रॉली जोडून, भिंतीसमोर उभी करून लाइट खाली करून घ्या.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉलीचे टायर नक्षीवरून कोरे दिसत होते, आकडे बघितले तर लेकीच्या शाळाप्रवेशाच्या वेळचे. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचे टायर घासून नाही, तडकून मरतात. बदलले. चाकांचे बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरलं.

संध्याकाळी बेसा रोडच्या एका रिकाम्या लेआउटमध्ये रिव्हर्सचा सराव. स्टेअरिंग खालच्या बाजूला धरायचं. हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रॉलीचं शेपूट जातं. ऐकायला सोपं आहे. छोटी ट्रॉली मोठीपेक्षा जास्त छळते, कारण ती पटकन वळते आणि सावरायला वेळ देत नाही. लेआउटमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी डाव थांबवला आणि दोन पक्ष पाडून कॉमेंट्री सुरू केली. "काकाऽ, लेफ्ट! अबे लेफ्ट नाई, त्यांचा लेफ्ट!" अंधार पडेपर्यंत ट्रॉली दोन प्लॉटच्या दगडांमधून आत जायला लागली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रविवार, कारंजा, परतवाडा, घाट

पहाटे निघालो. बाजारगावच्या पुढे धुकं इतकं होतं की ट्रॉली आरशातही धड दिसत नव्हती. ताशी साठच्या वर गेलो नाही. टोलनाक्यावरचा मुलगा बाहेर येऊन आस मोजून गेला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला, परत मोजून गेला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारण्याऐवजी खाली उतरून ट्रॉलीच्या खिडकीतून आत डोकावून घेतलं.

कोंढाळी सोडली तशी धुक्यात पिवळी संत्री दिसायला लागली. आंबिया बहाराची तोड सुरू होती, रस्त्याकडेला ढीग. कारंजा घाडगेला चहाला थांबलो तर लेक म्हणाली, "बाबा, डावा इंडिकेटर लावला की मागचे सगळेच लाइट मिणमिण करतात." शेजारी उभ्या ट्रकचा क्लीनर, मिसरूड फुटलेला पोरगा, बिस्किट तोंडात धरून खाली वाकला आणि म्हणाला, "अर्थिंग." सात पिनांच्या प्लगमधली पांढरी वायर म्हणजे अर्थ, ती ट्रॉलीच्या सांगाड्याला जिथे बोल्टनं लावली होती तिथे खाली नवा रंग होता. रंग विजेला जाऊ देत नाही, म्हणून करंट बाकीच्या बल्बांतून परतीची वाट शोधत होता. त्यानं पान्याच्या टोकानं रंग खरवडला, बोल्ट आवळला, झालं. पैसे घेईना. आमच्या डब्यातल्या सांबारवड्या (कोथिंबिरीच्या) मात्र चार घेतल्या, मग ड्रायव्हरसाठी म्हणून अजून दोन.

प्रत्येक थांब्यावर एक सवय लावून घ्यावी: उतरलं की दोन्ही बाजूंच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावायचा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग नाही तर ब्रेक अडकलाय. मग साखळ्या, प्लग, तोंडाचं कुलूप.

मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजासमोरून हळू गेलो. अमरावतीत ट्रॉली घालायची हिंमत नव्हती, म्हणून रहाटगावच्या अलीकडे हायवेलाच थांबलो. ताई आणि भाऊजी स्कूटरवर गिला वडा घेऊन आले. ट्रॉलीचं टेबल पहिल्यांदा उघडलं ते तिथे, ट्रकांच्या धुरात. भाऊजींनी आतली गादी दाबून बघितली, नळ सोडून बघितला आणि विचारलं, "संडास?" नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला.

वलगाव, आसेगाव, परतवाडा. इथे डिझेल भरा आणि टायरची हवा तपासा. पुढे धामणगाव गढीवरून घाट चढतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे ती सगळी उंची शेवटच्या टप्प्यात कमवायची. दुसरा गियर, वळणावर पहिला. एसी बंद. अर्ध्यात तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून सरकला. तेव्हा खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण वाढवला. हीटर म्हणजे आतला एक छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता तो इंजिनातून काढून घेतो. बायकोच्या मते डिसेंबरात घाटात हीटर लावून खिडक्या उघड्या ठेवणारे आम्ही एकटेच. पण काटा परत आला. गेल्या आठवड्यातला रेडिएटर असता तर तिथेच बॉनेट उघडून बसलो असतो.

एका वळणावर वानरांची टोळी बसली होती. त्यांच्यासाठी थांबलो आणि चढावर पुन्हा उचलताना क्लचचा वास आला. हा वास लक्षात ठेवला.

मुक्काम जंगलात नाही. मेळघाटात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, ट्रॉलीही नाही. गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या आवाराची आधी फोनवर परवानगी घेतली होती. फाटक अरुंद, आत उतार. लेकीनं खिटी लावली, गुरुजींनी बॅटरी धरली आणि बेशाच्या पोरांची शिकवणी वसूल झाली.

रात्री गुरुजींनी गोवऱ्यांचा जगरा पेटवला. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगा फोडून त्यात तूप ओतलं की वाफ तोंडावर यायची. थंडी अशी की पाठ गारठलेली आणि पोट भाजतंय. पहाटे ट्रॉलीबाहेर टांगलेल्या थर्मामीटरवर सात अंश होते. आत मात्र आमच्या श्वासानं छताला दव धरून थेंब पडायला लागले होते. गॅसची शेगडी लावून झोपायचा मोह होतो. करू नका, बंद जागेत जीव जातो. वरची झडप दोन बोटं उघडी ठेवा आणि जाड रजई घ्या.

सोमवार, गाविलगड आणि सेमाडोह

ट्रॉली सोडून पिकअप घेऊन फिरलो. हाच या प्रकाराचा मोठा फायदा, घर जागेवर राहतं.

गाविलगडावर सकाळी कोणीही नव्हतं. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, तारीख १५. त्याआधी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं जड तोफा या डोंगरांतून, नाल्यांतून कित्येक मैल माणसांच्या हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या. तटावर उभं राहून समोरच्या दऱ्या बघितल्या आणि हीटर लावून केलेल्या आपल्या चढाईबद्दल कोणापाशी फार बोलू नये असं वाटलं. गुरुजींनी निघताना सांगितलं होतं की भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले. भीमकुंडाला पाणी कमी होतं, पण दरी तशीच, खाली बघवत नाही.

दुपारी सेमाडोह, रबडीसाठी. सिपना नदीकाठचं हे गाव रबडीच्या नावावर ओळखलं जातं. द्रोणात जाड साय, गोडवा बेताचा. दुकानातल्या कोरकू आजींनी लेकीला आधी अर्धाच द्रोण दिला, "पयले खाऊन पाय." पाहिलं. मग दोन घेतले. जंगलाचा रस्ता अंधारात नको म्हणून उन्हं असतानाच परतलो आणि संध्याकाळी देवी पॉइंटच्या वाटेवर इथलीच कॉफी प्यालो. विदर्भात कॉफी पिकते हे माझ्या पुण्याच्या मित्रांना अजून पटत नाही.

मंगळवार, उतार

घाट ज्या गियरात चढलो त्याच गियरात उतरायचा. दुसरा गियर, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक मधूनमधून दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. मागून एक काळीपिवळी जीप सतत हॉर्न मारत होती, तिला रुंद जागा बघून जाऊ दिलं. खाली पोचल्यावर हबला हात लावला: गरम, पण ठेववत होता. ऑइलवर आणि लायनरवर घातलेला रुपया न् रुपया त्या क्षणी वसूल.

हायवेवर मोठा कंटेनर बाजूनं गेला की आधी ढकलल्यासारखं होतं, मग ओढल्यासारखं. ट्रॉली एकदा हलली आणि शांत झाली. जास्तच डुलायला लागली तर ब्रेक मारू नका, वळवून सावरायलाही जाऊ नका. स्टेअरिंग सरळ, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, आपोआप बसते.

तळेगाव ते कोंढाळीच्या पट्ट्यात संत्री घेतली. बायको ट्रॉलीत मागे ठेवायला निघाली होती, तिला थांबवून क्रेट हौद्यात ठेवला. त्या गाडीला त्याची सवय आहेच.

हिशेबाचं सांगायचं तर पिकअप एरवी लिटरला तेरा देते, ट्रॉलीसकट साडेनऊ दिले. कमानी, ब्रेक, रेडिएटर, टायर, टो-हुक मिळून जो खर्च झाला त्यातला टो-हुकचा वाटा सगळ्यात लहान. यू-बोल्ट वाडीला परत आवळून घेतले. क्लच मात्र आता वरच्या टोकाला पकडतोय, म्हणजे प्लेट उतरवणं आलं. पुढचा बेत पचमढीचा आहे आणि तो घाट याहून लांब. नागपुरात प्रेशर प्लेटसकट काम मन लावून करणारा, आणि गाडी आठवडाभर अडकवून न ठेवणारा माणूस कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.